पिशवी हलकी, ठेवा मोठा

दिवाळीचा हंगाम उलगडतो, वहीपूजन पार पडते, कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि मग व्यापारी कुटुंबांना प्रवासाची सवड मिळते. निघण्याच्या आदल्या रात्री घरात दोन ठिकाणी बांधाबांध चालू असते. स्वयंपाकघरात आजी किंवा काकू डबे भरत असतात. माणसे किती, जेवणाच्या वेळा किती, वाटेत उकळलेले पाणी कोठे मिळेल, नवकारशीनंतर काय लागेल, चौविहारापूर्वी काय लागेल, याचा हिशेब त्यांच्या मनात पक्का असतो. खाखरे मोजून बांधले जातात. चटणीची बाटली एकच आणि तीही बेताची असते. दिवाणखान्यात मात्र वेगळेच दृश्य दिसते. घरातील हौशी छायाचित्रकाराने कपाटातील सारे साहित्य दिवाणावर मांडलेले असते. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, चार लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, फिल्टरच्या डब्या. ‘असू द्या, लागले तर लागले’ एवढ्या एका वाक्यावर सगळे पिशवीत जाते.

तीन दिवसांनी कुटुंब परत येते तेव्हा डबे रिकामे झालेले असतात आणि कॅमेऱ्याच्या पिशवीतील निम्म्या वस्तू उघडल्याही गेलेल्या नसतात. जो व्यापारी दुकानात पडून राहिलेला माल क्षणभर सहन करीत नाही, तोच प्रवासात असा माल खांद्यावर घेऊन हिंडतो.

कोणता कॅमेरा न्यावा आणि कोणती लेन्स घरी ठेवावी, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला तर तो वस्तूंची यादी सांगतो. वास्तविक हा प्रश्न डबे भरणाऱ्या हातांना विचारायला हवा. त्यांची रीत साधी आहे: आधी पंगत मोजायची, मग शिधा काढायचा. छायाचित्रणातही आधी कोणती चित्रे घरी आणायची आहेत ते ठरवावे आणि मग त्यांना पुरेल एवढेच साहित्य घ्यावे.

बोर्ली पंचतनची वाट

उदाहरणासाठी एक प्रत्यक्ष प्रवास घेऊ या. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तेथून म्हसळा आणि पुढे बोर्ली पंचतन. मुंबईकरांची वाटही माणगावलाच येऊन मिळते. रायगड जिल्ह्यात मुरूड तालुक्यात आणखी एक बोर्ली आहे, म्हणून श्रीवर्धन तालुक्यातील या गावाचे पूर्ण नाव आवर्जून घेतले जाते. बोर्ली पंचतन हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. येथून एक रस्ता दिवेआगरच्या किनाऱ्याकडे जातो, एक दिघी बंदराकडे आणि एक श्रीवर्धनकडे. सुपारीच्या व्यापाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना श्रीवर्धनी रोठ्याचे नाव सांगावे लागत नाही. ती सुपारी याच पट्ट्यातील वाड्यांतून येते.

तीन दिवसांच्या मुक्कामात येथे काय काय दिसते? दिवेआगरचा लांबलचक वाळूचा किनारा आणि त्यामागील सुरूचे बन. नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जाणाऱ्या अरुंद, सावलीच्या वाटा. रूपनारायण मंदिरातील शिळेत कोरलेली, सभोवती दशावतार असलेली विष्णुमूर्ती. हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणारे कुरव पक्ष्यांचे थवे. दिवेआगरहून शेखाडी, भरडखोलवरून श्रीवर्धनला जाणारा, समुद्राला खेटून चालणारा रस्ता. दिघीहून आगरदांड्याला वाहनांसह नेणारी फेरीबोट आणि खाडीपलीकडे जंजिरा किल्ला. या सगळ्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते, ती यादीत बहुधा लिहिलीच जात नाही. ती म्हणजे सोबत आलेली आपली माणसे.

आधी पंगत, मग शिधा

आता या यादीला साहित्य लावून पाहावे. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा ती किती रुंद किंवा किती दूरचे पाहते ते सांगतो. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या आकाराएवढा सेन्सर असलेल्या, म्हणजे ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यावर २४ ते २८ मिलिमीटरची लेन्स रुंद देखावा टिपते, ५० मिलिमीटरची लेन्स डोळ्यांना स्वाभाविक वाटेल असे चित्र देते, ८५ च्या आसपास चेहरा सुरेख येतो आणि पक्ष्यांसाठी किमान ३००-४०० मिलिमीटर लागतात. सेन्सर लहान असेल तर या आकड्याला सुमारे दीडने गुणावे. म्हणजे अशा कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ ते ८० सारखी वागते.

किनारा, शेखाडीचा रस्ता, फेरीबोटीवरची गर्दी, वाडीतील वाट ही सारी रुंद चित्रे आहेत. येथे एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे: आजच्या चांगल्या मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरएवढेच रुंद पाहते आणि भरपूर उजेडात तिचे काम उत्तम असते. मोबाइल तर खिशात असणारच. मग त्याच कामासाठी कॅमेऱ्याची वेगळी रुंद लेन्स नेणे म्हणजे एकाच मालाचे दोन साठे करणे होय.

कॅमेऱ्याने ते करावे जे मोबाइलला नीट जमत नाही. अशी कामे तीन आहेत. पहिले, अंधुक उजेड: वाडीची गर्द सावली, मंदिराचा सभामंडप, दिवेलागणीची ओसरी. दुसरे, चेहरा: मागचे सारे सौम्य करून माणूस तेवढा पुढे आणणे. तिसरे, दूरचे दृश्य: पक्षी, होड्या, लाटेवरची नाव.

पहिल्या दोन कामांना एकच लहानशी लेन्स पुरते. ५० मिलिमीटर, एफ १.८ ही जवळपास प्रत्येक कंपनीची स्वस्त आणि हलकी लेन्स. वजन दीडशे ते दोनशे ग्रॅमच्या आसपास. एफ ४ पर्यंतच उघडणाऱ्या झूम लेन्सपेक्षा ती सुमारे पाचपट प्रकाश आत घेते. सायंकाळी ओसरीवर बसलेल्या आजोबांचे चित्र फ्लॅशशिवाय घ्यायचे असेल तर हा पाचपटीचा फरकच कामी येतो.

दिवसभराच्या कामासाठी एक सर्वोपयोगी झूम असावी. फुल फ्रेमवर २४-१०५ आणि लहान सेन्सरवर १८-१३५ मिलिमीटर अशा जातीची लेन्स किनारा, बोट, बाजार आणि चेहरा असे सारे सांभाळते. ७०-२०० एफ २.८ ही लेन्स उत्कृष्ट खरी, परंतु ती बहुधा सव्वा-दीड किलो भरते आणि कौटुंबिक प्रवासात तिचे काम थोडे असते.

राहिले पक्षी. घरात कोणी मनापासून पक्षी पाहणारे असेल आणि प्रवास हिवाळ्यातील असेल तर मोठी झूम अवश्य न्यावी. मात्र त्या वेळी तिलाच मुख्य मानून इतर साहित्य कमी करावे. पक्ष्यांचा नाद नसताना केवळ घरात आहे म्हणून ती नेणे व्यर्थ आहे. कुरवांच्या थव्याचे सर्वांत सुंदर चित्र बहुधा रुंदच असते. त्यात पक्षी असतात, समुद्र असतो आणि टाळ्या न वाजवता, थवा न उडवता शांत उभी असलेली मुलेही असतात. थव्यामागे धावून तो उडवणे आणि ‘छान फोटो आला’ म्हणणे अहिंसेचा विचार मानणाऱ्या घराला शोभत नाही. दुरून हजारो मैल उडून आलेल्या पक्ष्याला विसावा हवा असतो. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवेही अंडी घालतात. पिल्ले समुद्राकडे निघताना पाहण्याचा योग आला तर फ्लॅश पूर्ण बंद ठेवावा, कारण पिल्ले उजेडाच्या अनुरोधाने वाट शोधतात आणि कृत्रिम प्रकाशाने चुकतात.

घड्याळ आणि उजेड

छायाचित्रकार ज्याला सोनेरी वेळ म्हणतात ती सूर्योदयानंतरची आणि सूर्यास्तापूर्वीची घटका. जैन कुटुंबाच्या दिनक्रमात नेमक्या याच दोन वेळा महत्त्वाच्या आहेत. त्यामुळे पुष्कळ घरांत सायंकाळी ओढाताण होते. एकीकडे चौविहाराची घाई, दुसरीकडे पश्चिमेला कललेला सूर्य. कॅमेरावाला एकटाच किनाऱ्यावर धावतो आणि मंडळी त्याच्यावाचून पानावर बसतात.

थोडे आधी ठरवले तर ही ओढाताण टळते. मार्गशीर्षात येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुक्कामाच्या घरी दुपारीच सांगून ठेवावे की जेवण पाच वाजता हवे आणि कांदा, लसूण, कंदमुळे नकोत. कोकणातील घरगुती खाणावळीत रात्रीचे जेवण एरवी आठ-नऊला वाढले जाते, म्हणून हे सांगणे शेवटच्या घटकेवर ठेवू नये. पाचला पाने मांडली तर सूर्यास्तापूर्वी सर्वजण एकत्र किनाऱ्यावर पोहोचतात आणि चित्रात कोणी उणे राहत नाही.

सकाळ तर जणू या कुटुंबांसाठीच राखून ठेवलेली आहे. सूर्योदयापासून नवकारशीपर्यंत दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे. या वेळात स्वयंपाकघराचे काम नसते, पर्यटकांची गर्दी उतरलेली नसते, वारा पडलेला असतो. सूर्य डोंगरामागून, जमिनीच्या बाजूने वर येतो आणि मऊ प्रकाश पाठीमागून समुद्रावर पडतो. समुद्राकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो उजेड असतो तो कोणत्याही फ्लॅशला साधत नाही. वेळ अशी साधली की फ्लॅश घरी राहतो आणि बहुतेक वेळा ट्रायपॉडही.

खाऱ्या हवेचा घसारा

किनाऱ्यावर नेलेल्या प्रत्येक वस्तूला घसारा लागतो. खारे तुषार डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु तासाभरात लेन्सच्या काचेवर पातळ पडदा धरतात. वाळूचा एक कण झूमच्या कड्यात शिरला तरी ती करकर वाजू लागते. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर लेन्स बदलू नये हा पहिला नियम. जी लागणार ती मुक्कामाच्या खोलीत, दार लावून चढवावी आणि परत येईपर्यंत तीच ठेवावी. चार लेन्स नेणाऱ्याला हा नियम पाळणे अवघड जाते. दोन नेणाऱ्याला तो आपोआप पाळता येतो.

काच पुसण्याआधी रबरी फुग्याने वाळू उडवावी. वाळूसकट पुसलेली काच ओरखडते. संध्याकाळी कॅमेऱ्याची बॉडी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावी आणि मग कोरड्याने. लेन्सपुढे एक साधा संरक्षक फिल्टर लावावा, कारण फिल्टर बदलता येतो, पुढचे भिंग बदलणे महागात पडते. मोबाइल पाण्याला दाद देत नाही म्हणून तो लाटेत नेऊ नये; पाणीरोधाची ती चाचणी गोड्या पाण्यातील असते.

दमटपणा हा दुसरा शत्रू. गाडीत वातानुकूलन लावून गारठलेला कॅमेरा बाहेर काढताच काचेवर वाफ धरते आणि पहिली वीस मिनिटे वाया जातात. पोहोचण्यापूर्वी अर्धा तास यंत्र बंद करावे किंवा पिशवी न उघडता तिला बाहेरच्या हवेशी जुळू द्यावे. घरी आल्यावर लेन्स बंद पिशवीत महिनोन्‌महिने ठेवल्या तर त्यांना आतून बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा स्वस्त उपाय आहे, आणि लोणच्याची बरणी सांभाळणाऱ्या घराला तो नव्याने शिकवावा लागत नाही.

जंजिऱ्याला होडीतून उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, पायऱ्या ओल्या असतात. त्या वेळी कॅमेरा गळ्यात नव्हे, बंद पिशवीत पाठीवर असावा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर तर याहून मोठी सावधगिरी हवी. तेथे खडकावर लाट केव्हा चढेल हे सांगता येत नाही. समुद्राकडे पाठ करून कोणालाही उभे करू नये, आणि भरतीच्या वेळी तेथे कॅमेरा काढूच नये. कोणतेही चित्र माणसाच्या जिवापेक्षा मोलाचे नाही.

तीर्थस्थानी

हाच विचार तीर्थयात्रेलाही लागू पडतो. देरासरात चामड्याची वस्तू नेता येत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पिशवी सुती किंवा नायलॉनची असावी, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. जुन्या काळी फिल्मच्या थरात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन असे, आणि काही श्रावकांना ते खटकत असे. डिजिटल सेन्सरने तो प्रश्न बराचसा मिटवला. पट्ट्याचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे.

गाभाऱ्यात छायाचित्र घेण्यास बहुतेक ठिकाणी मनाई असते, आणि अबूच्या देलवाडा मंदिरांत तर छायाचित्रणच बंद आहे. तेथे जाताना सहा किलोची पिशवी वर नेण्यात काय अर्थ? उलट वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत छायाचित्र घेता येते, परंतु ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते आणि आतील उजेड थोडा असतो. तेथे पुन्हा तीच लहान, मोठ्या छिद्राची ५० किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स उपयोगी पडते. जाण्यापूर्वी नियम विचारून घेणे हाही पिशवी भरण्याचाच भाग आहे.

काचेच्या पाट्या वाहणारा श्रावक

भाराचा विचार करताना राजा दीनदयाळ यांचे स्मरण होते. १८४४ मध्ये सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या महाविद्यालयात ते अभियांत्रिकी शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही आपला स्टुडिओ काढला.

त्या काळी कॅमेरा लाकडी पेटीएवढा असे आणि प्रत्येक चित्रासाठी एक काचेची पाटी लागे. पाट्या जड, ठिसूळ आणि मोजक्या. बैलगाडीवर वाहून नेलेली पाटी फुकट घालवणे परवडत नसे. म्हणून आधी जागा हेरायची, उजेडाची वाट पाहायची, माणसांना नीट बसवायचे आणि मग एकदाच झडप उघडायची. दीनदयाळांच्या चित्रांतील शांतपणाला ही काटकसरही कारण आहे. आज एका कार्डात हजारो चित्रे मावतात आणि म्हणून एकाही चित्रासाठी थांबावेसे वाटत नाही. भार त्यांच्या गाडीवर होता. आज तो लक्षावर पडला आहे. कोणती लेन्स लावू या विवंचनेत असलेल्या माणसाला समोर नात काय म्हणाली ते ऐकू येत नाही.

जे राहील असे वाटले होते

बोर्लीच्या परिसराने चित्रांचे मोल फार कठोरपणे शिकवले आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि तीत सोन्याची गणेशमूर्ती. सुमारे १ किलो ३०० ग्रॅम वजनाच्या या सुवर्णगणेशाच्या दर्शनासाठी लांबलांबून लोक येऊ लागले. गावात खाणावळी उघडल्या, घरोघरी पाहुणे उतरू लागले. २४ मार्च २०१२ रोजी दरोडा पडला. दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मूर्ती चोरीस गेली. पुढे तपासात सोने हाती लागले ते वितळवलेल्या रूपात. नोव्हेंबर २०२१ मध्ये नवी मूर्ती स्थापन झाली, परंतु जी जुनी होती तिचे रूप पाहायचे तर आता ते छायाचित्रांतच.

त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातील नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. सुपारीचे रोप फळ धरायला पाच-सात वर्षे घेते आणि वाडीची जुनी सावली दाटायला त्याहून अधिक. ज्या वाटांवर दुपारीही ऊन पोहोचत नसे तेथे आकाश उघडे पडले.

त्या वाटांवरून वर्षानुवर्षे पर्यटक गेले होते, आणि त्यांतील बहुतेकांनी सूर्यास्ताची चित्रे घेतली होती. सूर्यास्त आजही तसाच होतो. वाडीची वाट, विहिरीवरचा रहाट, ओसरीवर सुपारी सोलणारी म्हातारी, ही चित्रे मात्र ज्यांनी घेतली त्यांच्यापाशीच उरली. ज्याच्यासाठी मोठी लेन्स वाहिली ते टिकाऊ निघाले आणि जे टिकेल असे गृहीत धरले तेच गेले.

मात्र अशी चित्रे घेताना एक मर्यादा पाळावी. वाडीतील म्हातारी किंवा भरडखोलच्या धक्क्यावर जाळे विणणारे कोळी बांधव हे प्रदर्शनातील नग नव्हेत. आधी नमस्कार, चार शब्द, मग ‘फोटो काढू का?’ असे विचारणे आणि जमल्यास पुढे एक छापील प्रत पाठवणे. दूरच्या लेन्सने चोरून घेतलेल्या चित्रापेक्षा जवळून, विचारून घेतलेले चित्र अधिक चांगले येते, कारण त्यात समोरच्याचा होकार असतो.

भिंतीवरचा फोटो

व्यापारी घरांत गादीच्या वरच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, पूर्वजांचे हार घातलेले फोटो असतात. ज्यांनी पेढी उभी केली ते पणजोबा तेथे टोपी आणि बंद गळ्याच्या कोटात ताठ बसलेले दिसतात. तो फोटो त्यांनी शहरातील स्टुडिओत जाऊन, वेळ काढून, पैसे मोजून काढलेला असतो. त्या पिढीची अशी एक-दोनच चित्रे असतात, पण ती उत्तम असतात.

आजच्या पिढीची चित्रे हजारांनी आहेत. तरीही घरातील वडीलधारे जातात तेव्हा त्या रात्री काय होते, हे पुष्कळ कुटुंबांनी अनुभवले आहे. सकाळपर्यंत मोठा फोटो छापून हवा असतो. तीन-चार मोबाइल धुंडाळले जातात. एका लग्नातील समूहचित्रात आजी मागच्या रांगेत, अर्धी झाकलेली सापडते. दुसऱ्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात पंगतीत वाढतानाची पाठ. शेवटी समूहातून चेहरा कापून काढतात. छापल्यावर तो धूसर येतो आणि मग तोच धूसर चेहरा पुढची पन्नास वर्षे भिंतीवर राहतो. लाखांचे कॅमेरे असलेल्या घरातही हे घडते, कारण लेन्स नेहमी समुद्राकडे वळलेली असते.

ज्या स्त्रीने पहाटे उठून डबे भरले ती बहुतेक चित्रांत नसतेच. आणि ज्याने सारी चित्रे घेतली तोही नसतो. प्रवासाला निघताना हे दोन रिकामे कोपरे आधी भरून काढावेत. पहिल्याच सकाळी, नवकारशीपूर्वीच्या त्या ४८ मिनिटांत, ५० ची लेन्स लावून सोबतच्या प्रत्येकाचे एकेक चित्र घ्यावे. आजीला दमवू नये. ओसरीच्या पायरीवर, माळ हातात असताना, त्या नेहमी बसतात तशाच बसू द्याव्यात. उजेड एका बाजूने यावा, पार्श्वभूमी साधी असावी. ‘आजी, इकडे पाहा’ असे म्हणण्यापेक्षा त्यांना त्यांच्या माहेरच्या गावाबद्दल काही विचारावे. चेहरा आपोआप खुलतो. मग कॅमेरा मुलाच्या किंवा सुनेच्या हाती देऊन छायाचित्रकाराने स्वतः आजीशेजारी बसावे. एवढे झाले की प्रवासाचे मुद्दल वसूल झाले. पुढचे तीन दिवस समुद्र, पक्षी, किल्ला हा सारा नफा.

मोजून भरलेली पिशवी

तर आता दिवाणावरचा पसारा पुन्हा एकदा पाहावा. एक बॉडी. एक सर्वोपयोगी झूम. एक लहान ५० मिलिमीटर. दोन बॅटऱ्या, चार्जर, दोन कार्डे. रबरी फुगा, दोन सुती फडकी, पावसाळी पिशवी किंवा जाड प्लास्टिकचे आवरण. खिशात मोबाइल. विमानप्रवास असेल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न देता हातातील पिशवीत ठेवाव्या लागतात. हे सारे मिळून दोन किलोंच्या आत-बाहेर बसते, तर पूर्वीची पिशवी सहा-सात किलोंची होती. मोठी झूम, दुसरी बॉडी, फ्लॅश, ट्रायपॉड यांपैकी एखादी वस्तू न्यायचीच असेल तर तिच्यासाठी ठरलेले एक चित्र सांगता आले पाहिजे. सांगता आले तर ती न्यावी. ‘असू द्या’ हे कारण नव्हे.

रोज रात्री चित्रे दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवावीत. रोजमेळ लिहिल्याशिवाय जसे दुकान बंद होत नाही तसे. घरी परतल्यावर आठ दिवसांच्या आत त्यांतील वीस चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत, मागे तारीख, गाव आणि नावे लिहावीत. नावे लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण पुढच्या पिढीला चेहरे ओळखू येत नाहीत. उरलेल्या शेकडो चित्रांचे काय करायचे ते सावकाश पाहता येईल.

आणि निघण्याच्या आदल्या रात्री, साहित्य निवडून झाल्यावर, छायाचित्रकाराने पाच मिनिटे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावे. तेथे खाखरे मोजले जात असतील, डब्यांची झाकणे लागत असतील आणि त्या घराने अनेक वर्षे पाहूनही कधी न टिपलेला एक चेहरा दिव्याच्या उजेडात खाली वाकलेला असेल. ५० ची लेन्स कॅमेऱ्याला लावलेलीच असेल. प्रवासाचे पहिले चित्र तेथेच घ्यावे.